आगीच्या हद्दीच्या आत: रॉटरडॅम पायी कसं वाचावं

रॉटरडॅमच्या इमारती बघायला निघालात तर आधी मान खाली घाला. वर बघण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यासाठी अख्खा दिवस आहे. फुटपाथच्या फरशीत मधूनच एखादा गोल दिवा बसवलेला दिसतो. अंधार पडला की तो लाल उजळतो. थोड्या अंतरावर दुसरा, मग तिसरा. अशी ही माळ शहराच्या मध्यवस्तीभोवती सुमारे १२ किलोमीटर फिरते. १४ मे १९४० च्या बॉम्बहल्ल्यानंतर लागलेली आग जिथे येऊन थांबली, ती ही रेषा. डच लोक तिला ब्रांडग्रेन्स म्हणतात, म्हणजे आगीची हद्द.

हद्दीच्या बाहेर उभं राहिलं की विटांची, अरुंद दारांची, उंच खिडक्यांची जुनी घरं दिसतात, कुठल्याही डच शहरात असतात तशी. आत पाऊल टाकलं की सगळं बदलतं. काचेचा मनोरा, त्याच्या शेजारी काँक्रीटची दुमजली दुकानं, पलीकडे कोपऱ्यावर उभी असलेली पिवळी घरं. पहिल्यांदा येणाऱ्याला हा सगळा गोंधळ वाटतो. एकही इमारत शेजारणीशी बोलत नाही असं वाटतं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवली तर गोंधळ सुटायला लागतो. युद्धानंतर इथे एकच प्रश्न उरला होता: शहराच्या पोटात पडलेल्या एवढ्या मोठ्या पोकळीचं काय करायचं? त्याचं उत्तर दर पिढीने आपापल्या परीने दिलं आणि आधीच्या पिढीचं उत्तर बहुतेक वेळा नापसंत केलं. आपण पायी फिरताना ती उत्तरं एकामागून एक वाचणार आहोत.

रस्ता सोपा आहे. रॉटरडॅम सेंट्राल स्टेशनवरून निघायचं, दक्षिणेला नदीपर्यंत यायचं, पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या धक्क्यावर थांबायचं. रेंगाळत चाललं तरी अंतर सहा-सात किलोमीटरच्या आसपास. गाइड लागत नाही. वारा मात्र भरपूर असतो, तेव्हा कानाला काहीतरी हवं.

त्या दुपारी काय झालं

निघण्यापूर्वी दोन मिनिटं इतिहास, कारण तो नसेल तर पुढचं काहीच कळत नाही. जर्मनीने नेदरलँड्सवर १० मे १९४० ला हल्ला केला. रॉटरडॅममध्ये मास नदीवरच्या पुलांपाशी डच सैनिकांनी जर्मनांना चार दिवस रोखून धरलं. १४ तारखेला शरणागतीच्या अटींवर बोलणी सुरू असतानाच विमानं निघाली. काही विमानांना परत फिरण्याचा इशारा दिसला, पन्नासहून अधिक विमानांना दिसला नाही. दुपारी दीडच्या सुमारास बॉम्ब पडायला लागले आणि साधारण पंधरा मिनिटांत सगळं संपलं. पुढे आग मात्र कितीतरी वेळ धुमसत राहिली. साडेआठशेच्या आसपास माणसं गेली, सुमारे ८०,००० लोक बेघर झाले, जवळपास २५,००० घरं नाहीशी झाली. देशाने शरणागती पत्करली.

त्यानंतरचा निर्णय बॉम्बइतकाच महत्त्वाचा होता. हल्ल्यानंतर चारच दिवसांनी, म्हणजे १८ मे ला, नगरपालिकेने वितेवेन या आपल्या अधिकाऱ्याला पुनर्बांधणीचा आराखडा करायला सांगितलं. जळालेल्या भागातली जमीन नगरपालिकेने सक्तीने ताब्यात घेतली. दुरुस्त होऊ शकल्या असत्या अशा काही इमारतीही पाडल्या. राडारोडा शहरातल्याच कालव्यांमध्ये भरला. आज आपण ब्लाक नावाच्या रुंद रस्त्यावरून चालतो, तिथे पूर्वी पाणी होतं. त्याच्या पोटात जुनं शहर पडलं आहे.

इतर युरोपीय शहरांनी युद्धानंतर काय केलं हे आठवून पाहा. वॉर्साने जुन्या चित्रांवरून आपली जुनी वस्ती जशीच्या तशी पुन्हा उभी केली. रॉटरडॅमने ते केलं नाही. वितेवेनचा आराखडा जुन्या रस्त्यांची थोडी तरी आठवण ठेवणारा होता. तो बाजूला पडला आणि १९४६ मध्ये नगररचनाकार कोर्नेलिस फान त्रा यांचा 'बासिसप्लान', म्हणजे मूळ आराखडा, मंजूर झाला. त्यात प्रत्येक इमारत कशी दिसावी हे ठरवलेलं नव्हतं. फक्त रस्ते आखलेले होते आणि कुठे दुकानं, कुठे कचेऱ्या, कुठे घरं एवढं सांगितलेलं होतं. बाकीचं पुढच्या लोकांनी ठरवावं. या शहराचं आजचं रूप त्या मोकळेपणातून आलेलं आहे.

स्टेशन आणि त्याच्यासमोरचा डोंगर

आता स्टेशनच्या दारात उभे राहा आणि मागे वळून बघा. स्टीलने मढवलेलं छत एका बाजूने तीर मारल्यासारखं शहराकडे झेपावतं. हे स्टेशन मार्च २०१४ मध्ये सुरू झालं. गावकऱ्यांनी त्याला लगेच नाव ठेवलं, 'कापसालोन'. कापसालोन म्हणजे खरं तर केस कापायचं दुकान. पण रॉटरडॅममध्ये त्या नावाचा एक पदार्थ आहे. ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये बटाट्याचे फ्राइज, वर शवर्माचं मांस, त्यावर वितळवलेलं चीज आणि शेवटी सॅलड. एका केशकर्तनकाराने शेजारच्या हॉटेलात स्वतःसाठी असं मागवायला सुरुवात केली आणि पुढे ते गावभर पसरलं. स्टेशनचं चमकतं छत त्या ट्रेसारखं दिसतं. रॉटरडॅमकर मोठ्या इमारतींना अशी घरगुती नावं ठेवतात. नाव पडलं की इमारत आपलीशी झाली असं मला वाटतं.

दर्शनी भागावरचं घड्याळ आणि 'सेंट्राल स्टात्सिओन' ही अक्षरं नीट बघा. ती नवी नाहीत. याच जागी १९५७ मध्ये सिबोल्ड फान राव्हेस्टाइन यांनी बांधलेलं स्टेशन होतं, ती त्या स्टेशनची. ते पाडायच्या वेळी एका कलाकाराने त्याच अक्षरांपैकी काही वापरून 'त्रान लातन' असे शब्द लावले होते. अर्थ, अश्रू ढाळणं. ज्या शहराने युद्धानंतर जुनं काही परत आणायचं नाही असं ठरवलं, त्याने हे घड्याळ आणि ही अक्षरं मात्र टाकली नाहीत.

स्टेशनमधून बाहेर पडल्यावर उजव्या हाताला लांबच लांब राखाडी इमारत आहे. ती खोट हांडल्सखेबाउ, म्हणजे घाऊक व्यापाराची इमारत, १९५३. वास्तुकार ह्यू मास्कांत आणि विलेम फान टाइन. बॉम्बहल्ल्यात शेकडो व्यापाऱ्यांची गोदामं गेली होती. प्रत्येकाने वेगळं बांधायचं म्हटलं तर ना पैसे होते, ना सिमेंट. मग सगळ्यांसाठी मिळून एकच प्रचंड वास्तू उभारली. ट्रक थेट आत शिरावेत म्हणून तिच्या पोटात रस्ते ठेवले. आपल्याकडचं एखादं मार्केट यार्ड उचलून नऊ-दहा मजल्यांमध्ये एकावर एक रचलं तर जे होईल, साधारण ते. दिसायला ती फार मोहक नाही. पण ज्यांनी सगळं गमावलं होतं त्यांना तिने पुन्हा धंद्याला बसवलं, आणि आजही ती कचेऱ्यांनी भरलेली आहे.

दुकानांची गल्ली, जिथे गाडी येत नाही

इथून दक्षिणेला चालत आलं की स्खाउबुर्खप्लाइन हा नाट्यगृहाचा चौक लागतो. वाकणाऱ्या क्रेनसारखे चार लाल दिवे बंदराची आठवण करून देतात. चौकाखाली पार्किंग आहे, म्हणून जमीन हलकी ठेवली आणि धातू-लाकडाची केली. थोडा वेळ बसा आणि पुढे चला, कारण पुढे आहे ती लाइनबान.

लाइनबान बघायला येणारे पुष्कळदा निराश होतात. दोन्ही बाजूंना बुटकी दुकानं, मधे फरसबंदी, डोक्यावर सलग छज्जा. 'यात काय विशेष?' असं वाटतं. विशेष हे की आज जगभरच्या शहरांत जे नेहमीचं झालं आहे, ते इथे १९५३ मध्ये झालं. युरोपातल्या पहिल्या वाहनमुक्त खरेदीच्या रस्त्यांपैकी हा एक. वास्तुकार फान दन ब्रूक आणि बाकेमा.

विचार असा होता. दुकानदारांकडे पैसा कमी होता आणि दुकानाच्या वर चार मजले बांधून ते भाड्याने देण्याची त्यांची ऐपत नव्हती. तेव्हा दुकान दोन मजल्यांचंच ठेवायचं. माल मागच्या गल्लीतून यायचा, गिऱ्हाईक पुढून. गाड्या पुढच्या बाजूला येतच नाहीत, म्हणून रस्ता रुंद लागत नाही आणि समोरच्या दुकानाची काच चालता चालता दिसते. पावसात छज्ज्याखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरडं जाता येतं. आणि घरं? ती दुकानांच्या मागे वेगळ्या उंच इमारतींमध्ये, मधे हिरवळ सोडून. लाइनबानवरून एखाद्या आडव्या गल्लीत शिरून ती आवर्जून बघा. दहा पावलांत बाजाराचा आवाज मावळतो.

लाइनबान या नावाचा अर्थ दोरखंड वळण्याची जागा. जहाजांना लागणारे जाडजूड दोर वळायला लांब, सरळ पट्टा लागतो. तसा पट्टा पूर्वी या भागात होता.

यातला दोषही सांगायला हवा. 'राहायचं एकीकडे, काम दुसरीकडे, खरेदी तिसरीकडे' असं शहराचं वाटप त्या काळी आधुनिक मानलं जात होतं. जुन्या मध्यवस्तीत हजारो घरं होती, नव्या आराखड्यात त्याहून खूपच कमी. परिणाम असा की दुकानं बंद झाली की मध्यवस्ती ओस पडायची. ही तक्रार लक्षात ठेवा. पुढच्या पिढीचं उत्तर त्यातूनच आलं.

कूलसिंगल आणि मधाचं पोळं

लाइनबानला समांतर कूलसिंगल हा शहराचा मोठा रस्ता. इथे तुम्हाला आगीतून वाचलेल्या दोन भारदस्त इमारती भेटतील: नगरपालिकेची इमारत (१९१४ ते १९२०, वास्तुकार हेन्री एवर्स) आणि तिच्या शेजारचं जुनं टपाल कार्यालय. नगरपालिकेच्या मनोऱ्याकडे बघताना एक गोष्ट आठवा. १९४८ मध्ये राणी विल्हेल्मिना यांनी शहराच्या बोधचिन्हात 'स्टेर्कर डोर स्ट्राइड', म्हणजे 'झुंजीतून अधिक बळकट', हे शब्द जोडायला दिले.

रस्त्यावर पुढे बायेनकोर्फ हे मोठं दुकान आहे. बायेनकोर्फ म्हणजे मधमाश्यांचं पोळं. मार्सेल ब्रॉयर यांनी १९५७ मध्ये बांधलेली ही इमारत फिकट दगडाने मढवली आहे आणि दगडाचे तुकडे षटकोनी आहेत. खिडक्या अगदी अरुंद, फटीसारख्या. याचं कारण साधं आहे. अशा दुकानाला भिंती हव्या असतात, कारण भिंतीला लागून माल मांडायचा असतो आणि उजेड तर आत दिव्यांचाच असतो. दगडातल्या पोळ्याच्या नक्षीने नावाचाही मान राखला.

समोर नाऊम गाबो यांचं २६ मीटर उंचीचं पोलादी शिल्प आहे. ते तिथे येण्याची गोष्ट मला फार आवडते. नगरपालिकेच्या आराखड्यानुसार इमारतीचा एक भाग रस्त्याच्या दिशेला पुढे यायला हवा होता. ब्रॉयर यांना आपली सरळ पेटी मोडायची नव्हती. मग ती पुढे आलेली जागा इमारतीऐवजी शिल्पाने भरायची असं ठरलं. नियमही राहिला आणि शहराला एक मोठं शिल्प मिळालं.

इथून पूर्वेला वळून होखस्ट्राटकडे निघा. होखस्ट्राट म्हणजे उंच रस्ता, आणि तो खरोखरच उंच आहे, कारण तेराव्या शतकात रोटे या नदीवर जो बंधारा घातला त्यावरूनच तो जातो. रोटेवरचा डॅम, म्हणून रॉटरडॅम. अख्ख्या शहराचं नाव तुमच्या तळपायाखाली आहे.

एक चर्च, एक बाजार आणि कोपऱ्यावर उभी घरं

सिंट लाउरेन्स हे पंधराव्या शतकात सुरू झालेलं चर्च १९४० नंतर नुसत्या भिंती उरलेलं भग्नावशेष झालं होतं. ते पाडावं का, यावर बरीच वर्षं वाद चालला. शेवटी १९५२ पासून १९६८ पर्यंत त्याची डागडुजी झाली. मध्ययुगीन शहरातली ही एकटीच वास्तू या नव्या गर्दीत उभी आहे. बाहेर चौकात इरास्मस या विचारवंतांचा ब्राँझचा पुतळा आहे, १६२२ सालचा, हेंड्रिक दे काइसर यांनी घडवलेला. मोठं पुस्तक हातात घेऊन ते पान उलटतायत. चर्चचं घड्याळ वाजलेलं ऐकू आलं की ते पुढचं पान उलटतात असं गावातल्या मुलांना सांगतात. युद्धाच्या काळात हा पुतळा पुरून ठेवला होता, म्हणून वाचला.

चर्चपासून हाकेच्या अंतरावर मार्कटहाल, २०१४. एमव्हीआरडीव्ही या संस्थेने केलेली ही वास्तू समजून घ्यायची तर घोड्याची नाल डोळ्यांसमोर आणा, ४० मीटर उंचीची. नालेच्या जाड पट्टीत २२८ घरं आहेत आणि मधल्या पोकळीत भाजी, मासे, चीज, मसाल्यांचे ठेले. काही घरांच्या खिडक्या खाली बाजारातच उघडतात. सकाळी खिडकीतून बघावं आणि खाली कोबीचा ढीग दिसावा अशी रचना. छताच्या आतल्या बाजूला सुमारे ११,००० चौरस मीटरचं चित्र आहे: प्रचंड आकाराची फळं, मासे, फुलं, कीटक आकाशातून पडतायत. मान दुखेपर्यंत लोक बघत राहतात.

पण मला त्याहून जास्त दोन्ही टोकांच्या काचेच्या भिंती बघायला आवडतात. एवढी मोठी काच उभी ठेवायला सहसा जाड पोलादी चौकट लागते. इथे चौकट नाही. उभ्या-आडव्या पोलादी तारा ताणून जाळं केलं आहे आणि काचा त्या जाळ्यावर बसवल्या आहेत. बाजेच्या चौकटीत सुंभ ताणून विणतात आणि त्यावर माणूस निजला की विण थोडी खाली जाते, परत वर येते, तसंच. वारा आला की सगळी भिंत किंचित आत जाते आणि परत येते. अडून बसली असती तर फुटली असती. जाण्यापूर्वी पार्किंगच्या जिन्याने खाली उतरा. खोदकामात सापडलेल्या जुन्या वस्तू तिथे मांडल्या आहेत आणि जितकं खाली जावं तितका काळ मागे जातो.

मार्कटहालसमोर पिवळी घनघरं आहेत. फासा घ्या, एका कोपऱ्यावर उभा करा, आणि तसाच एका खांबावर ठेवा. पीट ब्लोम यांनी १९८४ मध्ये पूर्ण केलेलं हे काम म्हणजे तसे ३८ छोटे फासे आणि दोन मोठे. त्यांची कल्पना अशी की प्रत्येक घर म्हणजे एक झाड आणि सगळी मिळून एक जंगल. खांब हे खोड, तिरका घन हा शेंडा. खालची जमीन सगळ्यांसाठी मोकळी. हे सगळं एका वाहत्या रस्त्यावरून पूल टाकून बांधलं आहे, म्हणजे पादचारी घरांखालून चालतो आणि गाड्या त्याच्याही खालून जातात.

घन कोपऱ्यावर उभा केला की त्याच्या सगळ्या बाजू जमिनीशी ५४.७ अंशांचा कोन करतात. भूमितीत शिकलेलं हे गणित इथे लोकांच्या दिवाणखान्यात आहे. भिंत सरळ नाही, म्हणून कपाट भिंतीला टेकत नाही. घर साधारण १०० चौरस मीटरचं, पण तिरक्या भिंतींमुळे त्यातली बरीच जागा वापरता येत नाही. एक घर प्रेक्षकांसाठी उघडं ठेवलं आहे, तिकीट काढून आत जरूर जा. फोटोत ही घरं गमतीची वाटतात. आत गेल्यावर कळतं की वरच्या छोट्या पिरॅमिडमध्ये बसून सगळीकडून आकाश दिसतं आणि हे कुणीतरी फार प्रेमाने विचार करून बांधलं आहे.

लाइनबानच्या वेळची तक्रार आठवते ना? मध्यवस्ती रात्री ओस पडते, इथे राहणारं कुणी नाही, सगळं रुंद आणि थंड आहे. सत्तरच्या दशकात नगरपालिकेने दिशा बदलली आणि मध्यवस्तीत घरं, लहान गल्ल्या, माणसाच्या मापाच्या जागा आणायला सुरुवात केली. घनघरं त्या काळातली आहेत.

पांढरं घर आणि त्याच्याखालची लाकडं

घनघरांच्या मागून खाली उतरलं की आउदे हाव्हन, जुनं बंदर. पाण्यात जुन्या बोटी बांधलेल्या, काठावर खुर्च्या. इथे कॉफी घ्या आणि समोरच्या पांढऱ्या, टोकदार छपराच्या उंच इमारतीकडे बघा. ती विट हाउस, म्हणजे पांढरं घर, १८९८. वास्तुकार विलेम मोलेनब्रुक. उंची ४३ मीटर, दहा मजले. युरोपातल्या पहिल्या उंच इमारतींपैकी एक. आसपासचं जळून गेलं तेव्हा ती वाचली.

रॉटरडॅममध्ये उंच बांधणं अवघड का, ते इथे समजून घेऊ. इथली जमीन म्हणजे वर चिखलमाती आणि पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा ओला, स्पंजासारखा थर. त्यावर वजन ठेवलं की ते बसत जातं. घट्ट वाळू बरीच खाली, साधारण सतरा-अठरा मीटरवर लागते. म्हणून इमारत थेट जमिनीवर ठेवत नाहीत. लांब सोट जमिनीत ठोकत नेतात, त्यांची टोकं वाळूत रुतवतात आणि मग त्या सोटांच्या डोक्यांवर इमारत उभी करतात. पांढऱ्या घराखाली असे सुमारे १,००० सोट आहेत. पूर्वी ते लाकडाचे असत. लाकूड कुजत कसं नाही? ते कायम पाण्याखाली राहिलं तर हवा मिळत नाही आणि हवेशिवाय कुजवणारी बुरशी वाढत नाही. धोका पाण्यात नसतो, पाणी उतरण्यात असतो. जमिनीतली पाण्याची पातळी खाली गेली की सोटांची डोकी उघडी पडतात आणि तिथून सड लागते. म्हणून डच शहरं पाणी बाहेर काढण्याइतकीच पाणी धरून ठेवण्याचीही काळजी घेतात. आता सोट काँक्रीटचे असतात. २०२२ मध्ये पूर्ण झालेला २१५ मीटरचा झाल्महाव्हन मनोरा याच मऊ जमिनीवर उभा आहे.

जाता जाता आपल्याकडचा एक धागा. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक रॉटरडॅमला होती. वेंगुर्ल्याला जिची पडकी वखार आहे, तीच ही कंपनी.

छातीत भगदाड असलेला माणूस

आता पश्चिमेला, बंदराच्या कडेने लुव्हहाव्हनपाशी या. इथे 'प्लाइन १९४०' नावाची मोकळी जागा आहे आणि तिथे ओसिप झादकीन यांचा ब्राँझचा पुतळा, 'उद्ध्वस्त शहर'. १९५३ मध्ये बसवलेला. माणूस मागे झुकून दोन्ही हात आभाळाकडे फेकतो आहे आणि जिथे काळीज असायला हवं तिथे आरपार भोक आहे. झादकीन युद्धानंतर रेल्वेने या शहरात आले होते आणि मध्यभागी काहीच नसलेलं शहर त्यांनी पाहिलं होतं. पुतळ्याचा खर्च बायेनकोर्फने दिला, पण देणगीदार म्हणून आपलं नाव तेव्हा सांगितलं नाही.

पुतळ्याच्या मागून फिरून बघा. भोकातून पलीकडचं आकाश दिसतं, क्रेन दिसतात, नवे मनोरे दिसतात. फान त्रा यांच्या आराखड्यात या बाजूला 'नदीकडची खिडकी' होती. जुन्या शहरात दाटीमुळे नदी दिसतच नव्हती. बंदरावर पोट भरणाऱ्या शहराला बंदर दिसलं पाहिजे, असा तो विचार होता. नंतर बांधकामांनी ही खिडकी बरीच बुजवली, याचं मला वाईट वाटतं. या ठिकाणी घाई करू नका. पूर्ण वाटेत मी सर्वांत जास्त वेळ इथे थांबतो.

हंस

नदीवर आलात की पांढरा इरास्मस पूल समोर येतो. १९९६, वास्तुकार बेन फान बेर्केल, लांबी ८०२ मीटर, मधला वाकलेला मनोरा १३९ मीटर. गावातलं नाव 'हंस'.

पूल नदीवर तोलला कसा आहे हे बघा. एकच मनोरा आहे आणि तो मागे वाकला आहे. पुढच्या बाजूला त्याने तारांनी पुलाचं ओझं धरलं आहे आणि मागच्या बाजूला जाड तारा त्याला खेचून धरतात. विहिरीतून जड घागर ओढताना माणूस मागे रेलतो, तोच हिशोब. दक्षिण टोकाला पुलाचा एक भाग वर उघडतो, कारण काही जहाजं तारांच्या पुलाखालून जाऊ शकत नाहीत.

पूल सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत वादळी पावसात तारा जोराने हेलकावू लागल्या आणि वाहतूक थांबवावी लागली. कारण विलक्षण होतं. पाऊस पडला की तिरक्या तारेवरून पाण्याची बारीक धार वाहते. त्या धारेमुळे तारेचा गोल आकार किंचित बदलतो आणि वारा तिला एका लयीत झुलवू लागतो. फक्त वाऱ्याने किंवा फक्त पावसाने असं होत नाही, दोन्ही मिळून होतं. तारांच्या बुडाशी धक्के शोषणारे दांडे बसवल्यावर ते थांबलं. चालताना तारांच्या खालच्या टोकांशी ते दिसतात.

याहून स्वस्त पुलाचा आराखडाही होता. नगरपालिकेने महाग पूल निवडला आणि त्यामागे कारण होतं. नदीच्या दक्षिणेला गोदीतल्या कामगारांच्या वस्त्या होत्या. उत्तरेकडचे लोक त्या भागाला शहर मानतच नव्हते. त्यातच जहाजं मोठी होत गेली, कंटेनर आले आणि बंदर समुद्राच्या दिशेने पश्चिमेला सरकत गेलं. दक्षिण काठावरचे धक्के रिकामे पडले. शहराच्या पोटात दुसऱ्यांदा पोकळी पडली, या वेळी बॉम्बने नव्हे, धंदा दुसरीकडे गेल्याने. पूल सुंदर केला तर लोक पलीकडे जातील, असं नगरपालिकेला वाटलं. तसंच झालं.

पुलावरून चालताना समोरच्या 'दे रॉटरडॅम' या वास्तूवरून नजर काढू नका. रेम कोल्हास यांच्या ओएमए संस्थेने २०१३ मध्ये पूर्ण केलेली. तीन मनोरे एकमेकांना चिकटून, पण मधल्या उंचीवर थोडे इकडेतिकडे सरकलेले. तुम्ही जसजसे पुढे जाता तसतशा त्यांच्यामधल्या फटी उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. हे गाडीतून कळत नाही.

धक्क्याच्या टोकाला

पलीकडच्या विल्हेल्मिना धक्क्यावर रेंझो पिआनो, नॉर्मन फॉस्टर, आल्व्हारो सिझा यांच्या इमारती ओळीने आहेत. त्या बघत टोकाला जा. तिथे मनोऱ्यांच्या पायाशी हिरव्या छोट्या घुमटांची एक जुनी इमारत आहे, हॉटेल न्यूयॉर्क. हॉलंड-अमेरिका जहाज कंपनीची ही मुख्य कचेरी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. इथून लाखो माणसं गाठोडी घेऊन अमेरिकेला गेली. १९९३ पासून ते हॉटेल आहे.

मागच्या बाजूला पादचारी पूल ओलांडला की काटेनड्रेख्त ही वस्ती आणि तिथलं फेनिक्स. १९२३ चं प्रचंड गोदाम आता स्थलांतरितांच्या गोष्टी सांगणारं संग्रहालय झालं आहे, मे २०२५ मध्ये उघडलेलं. चिनी वास्तुकार मा यानसोंग यांच्या मॅड या संस्थेने गोदामाच्या छतातून वर निघणारा चकचकीत, पिळदार दुहेरी जिना बसवला आहे. त्यावरून उतरणारे आणि चढणारे लोक एकमेकांना भेटतात, परत दूर जातात. रॉटरडॅमचं सध्याचं उत्तर हे आहे. जुनी वास्तू पाडायची नाही, तिच्या पोटातून नवी काढायची.

जिन्याच्या वरच्या सज्जात उभे राहिलात की आज चाललेली सगळी वाट उत्तरेला दिसते. पांढरा हंस, त्याच्यामागे मनोरे आणि अधेमधे जुन्या चर्चचा बुरूज. परतताना हॉटेल न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून पाण्यातली टॅक्सी घ्या. लहानशी पिवळी-काळी बोट असते, जोरात जाते, तोंडावर मास नदीचं पाणी उडतं. लुव्हहाव्हनला उतरलात आणि तोवर अंधार पडला असेल, तर फरशीतल्या लाल दिव्यांचा माग काढत आगीच्या हद्दीवरून थोडं चाला.